एकाच हाताच्या फरश्या

"अहो, तिथं पाय नका देऊ!"

ती इतक्या जोरात ओरडली की दारातला माणूस एका पायावर उभा राहिला. खरंच एका पायावर. दुसरा पाय हवेत, छातीशी घट्ट धरलेलं पुठ्ठ्याचं खोकं, आणि केसांतून नाकावर गळणारं पाणी... बाहेर पावसाची अशी झोड उठली होती की जो तो मिळेल त्या दारात शिरत होता. वाचनालयाच्या या नव्या दालनाला तर अजून दारच बसलेलं नव्हतं.

"मग कुठं देऊ?" त्यानं विचारलं.

"मागं."

"मागं पाऊस आहे."

"मग... भिंतीच्या कडेनं या. आणि वाटेत काही हलवू नका, प्लीज!"

तो भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखा आडवा चालत खिडकीपर्यंत पोचला, खोकं कट्ट्यावर ठेवलं आणि रुमालानं तोंड पुसत खाली बघू लागला. त्यानं पाऊस बघावा, छत बघावं, काहीही बघावं, पण जमिनीकडे बघू नये असं तिला मनापासून वाटत होतं. कारण जमिनीवर तिनं आत्ताच पहिल्या काही फरश्या सिमेंटशिवाय नुसत्या मांडून बघितल्या होत्या, आणि त्या जुळत नव्हत्या. एकही जुळत नव्हती.

तिची ओळख करून द्यायची तर आधी तिच्या काळजीची करून द्यावी लागेल, कारण कुठल्याही खोलीत आधी काळजी शिरायची आणि मागून ती. गॅस बंद केला का हे बघायला ती अर्ध्या रस्त्यातून परत यायची. कुणाचा फोन लागला नाही की तिच्या डोळ्यांपुढं थेट हॉस्पिटल उभं राहायचं. घरात तिला धाकधूक म्हणत. "धाकधूक आली का गं?" असं आत्या दारातूनच विचारायची आणि तिला राग यायचा, कारण ते खरं होतं.

आणि या वेळची काळजी काही उगाचची नव्हती. तिच्या बाबांचा नक्षीच्या फरश्यांचा छोटासा कारखाना होता. एक हाताचा प्रेस, पाण्याच्या टाक्या, सुकवायचे मांडव, आणि बाबांनी आयुष्यभर काढलेले साचे. यंदा बाबांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, डोळ्यांवर पट्ट्या बसल्या, आणि काकांनी संधी साधली. काकांना शेड हवी होती, नळ आणि बेसिनच्या गोदामासाठी. "मुलीच्या जिवावर कारखाना किती दिवस ओढणार, दादा?" ते म्हणाले. बाबा म्हणाले, "वाचनालयाचं काम तिला करू दे. पट्ट्या निघाल्या की मी स्वतः जाऊन बघेन. मग ठरवू." म्हणजे वाचनालयाची ही एक जमीन चांगली झाली तर कारखाना राहणार होता आणि तिच्या हातात येणार होता. नाहीतर तिथं बेसिनं रचली जाणार होती.

"फिरवून बघितलीत?" खिडकीजवळून आवाज आला.

"काय?"

"फरशी. जुळत नाहीये ना? थोडी फिरवून बघा."

रडू आलेल्या माणसाला फुकटचा सल्ला दिला की काय होतं हे त्याला ठाऊक नसावं. तिनं हातातली फरशी उचलून त्याच्यापुढे धरली. "घ्या. तुम्हीच फिरवा."

त्यानं बूट काढले, गुडघे टेकले आणि खरंच फिरवायला बसला. फरशीच्या मधोमध एक वेल भोवऱ्यासारखी गरगरत होती, आणि तिचे चार फाटे चार कडांकडे निघाले होते. पण फाटा कडेच्या मध्यावर बाहेर पडत नव्हता. बाबांची हीच तर खासियत. तो एका कोपऱ्याकडे कलून, कडेच्या एक तृतीयांशावर निघायचा. शेजारच्या फरशीतला फाटा बरोबर तिथंच यायला हवा. इथं मात्र हिचा फाटा एका टोकाला आणि तिचा दुसऱ्या टोकाला, जणू दोघी शेजारणींनी एकमेकींकडे पाठ फिरवलेली.

त्यानं एकदा फिरवली, दोनदा फिरवली, परत फिरवली. मग मान वाकडी करून बघितलं.

"गंमतच आहे. कशीही फिरवा, ही तशीच दिसते."

"ती तशीच दिसायला हवी. चारही बाजूंनी सारखी आहे ती."

"हो, पण... ही निळी आणि ही पिवळी, दोन वेगळ्या आहेत ना?"

"वेगळ्याच. एक उजवीकडे फिरते, दुसरी डावीकडे. एक निळी, एक पिवळी, अशा आळीपाळीनं घालायच्या. मग वेली जुळतात."

त्यानं निळीवर बोट ठेवून वेल मधून बाहेरपर्यंत गिरवली. मग पिवळीवर. मग परत निळीवर... आणि हळूच म्हणाला, "दोन्ही उजवीकडेच फिरतायत."

तिनं स्वतः गिरवून बघितलं. उजवीकडे. उजवीकडे. धावत जाऊन कोपऱ्यातल्या पिवळ्या फरश्यांच्या चळतीतली वरची बघितली, मग खालची ओढून बघितली. सगळ्या उजवीकडे.

"बसा," तो म्हणाला. "आधी बसा बघू."

ती बसली, आणि बसल्याबसल्या तिला सगळं आठवलं. साच्यात रंग ओतताना फरशीचं तोंड खाली असतं, म्हणून साचा काढायचा तो चित्राच्या उलटा. पहिल्या साच्यासाठी तिनं बाबांच्या चित्राचा कागद उलटा केला. बरोबर केलं. दुसरी फरशी पहिलीच्या आरशातली, म्हणून तिच्यासाठीही तिनं कागद उलटा केला... आणि एकदा उलटा झालाय हे डोक्यात इतकं पक्कं बसलं की साच्यासाठी तो आणखी एकदा उलटायचा हे राहूनच गेलं. रेघांची जाडी तिनं शंभर वेळा तपासली होती, कोपरे तपासले होते, रंग तर उन्हात आणि सावलीत ठेवून बघितले होते. एवढ्या सगळ्या काळज्यांमध्ये हीच एक काळजी करायची तेवढी सुटली होती.

तिनं हे सगळं त्याला भडाभडा सांगून टाकलं. कोण, कुठला, काही माहीत नसताना. त्यानं मध्ये एकदाही "अरेरे" म्हटलं नाही. खिशातून रबरी हातमोजे काढले, दोन्ही तिच्या ओंजळीत ठेवले आणि म्हणाला, "यातला डाव्या हाताचा उजव्या हातात घालून बघा."

"नाही जाणार."

"का? दोन्हींना पाच-पाच बोटं आहेत. सगळं सारखं आहे."

"अंगठा चुकीच्या बाजूला येतो."

"तेच तर. कितीही फिरवा, बाजू बदलत नाही. माझा अख्खा दिवस यातच जातो."

"मोज्यांचा कारखाना आहे तुमचा?"

तो हसला. हसताना त्याचं नाक आधी हसायचं आणि ओठ मागून, हे तिच्या तेवढ्यातही लक्षात आलं. "समोरच्या इमारतीत प्रयोगशाळा आहे ना, तिथं मी साबणांचे वास बनवतो. लोक मला वासवाला म्हणतात, त्याला माझा इलाज नाही. आमच्याकडे असे रेणू असतात, एकमेकांच्या आरशातले. सगळं तेच, नुसती बाजू वेगळी. आणि नाकाला ते बरोबर कळतं. तुमच्या फरशीला फिरण्याची सममिती आहे, पण आरशातली नाही. म्हणून ती फिरवून सुटणार नाही. तिला तिची उलटी जोडीदारीणच हवी."

"ती आता होणार नाही." तिनं हातमोजे त्याला परत दिले. "नव्या फरश्या पाण्यात मुरायला हव्यात, सुकायला हव्यात. तोवर वाचनालय सुरू होईल. बाबांच्या पट्ट्या त्याच्याही आधी निघतील. आणि काका... तुम्ही कुणाला सांगू नका. शपथ घ्या."

"कुणाची?"

"कुणाचीही!"

"बरं. माझ्या नाकाची," तो गंभीरपणे म्हणाला. "याहून मोठी शपथ आमच्या धंद्यात नाही."

पाऊस थांबला तसा तो खोकं उचलून गेला. जाताना भिंतीच्या कडेनंच गेला.

त्या दिवशी घरी बाबा पट्ट्या बांधलेल्या डोळ्यांनी खुर्चीत बसून होते. तिच्या चपलांचा आवाज येताच त्यांनी विचारलं, "मांडून बघितल्या का गं? वेली जुळल्या?"

"जुळतील, बाबा," ती म्हणाली, आणि पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेली. बाबांशी ती याआधी कधी खोटं बोलली नव्हती. हे खोटं होतं का? भविष्यकाळ होता फक्त. पण भविष्यकाळाची तिला वर्तमानापेक्षा जास्त भीती वाटायची.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वासवाला परत आला. हातात डबा होता, पण तो उघडायचं त्याच्या लक्षात नव्हतं.

"रात्रभर विचार करत होतो," तो म्हणाला.

"मीपण."

"मला काही सुचलं नाही."

"मलापण."

"चला, म्हणजे आपलं जमलंय," तो म्हणाला आणि लगेच कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. तिनं ऐकलंच नाही असं दाखवलं. पण ऐकलं होतं. जमलंय म्हणजे काय? साधं बोलला असेल. लोक बोलतात असं. आणि समजा साधं नसेल बोलला... छे! इथं कारखाना हातचा चाललाय आणि हिचं काय चाललंय! तिनं स्वतःलाच दटावलं आणि फरश्यांकडे वळली.

कारखान्यातले मामा तिथंच बसून होते. बाबांचे जुने सोबती, प्रेस चालवायचे तेच आणि फरशी घालायचे तेच. त्यांना तिनं सकाळीच सगळं सांगितलं होतं. ते काही रागावले नाहीत, नुसते भिंतीला टेकून बसले होते, आणि ते तिला जास्त लागलं होतं.

ती गुडघ्यांवर बसली. निळी फरशी ठेवली, शेजारी पिवळी ठेवली. फाट्याला फाटा भेटेना. चिडून तिनं पिवळी वर ढकलली, फाटे समोरासमोर येईपर्यंत. आता दोघींचे फाटे जुळले, पण पिवळी एक तृतीयांश वर सरकून बसली. रांग मोडली.

"हे असं होतं," ती वैतागून म्हणाली.

"थांबा, थांबा... आता निळीच्या वरची ठेवा बघू. तीही जुळेपर्यंत सरकवा."

तिनं ठेवली. ती डावीकडे सरकली, तेवढीच. मग चौथी, कोपऱ्यातली. तिचे फाटेही दोन्हीकडे जुळले, पण चौघींच्या मध्ये एक चौकोनी भोक राहिलं.

"भोक पडलं," मामा मागून म्हणाले. "मला वाटलंच."

पण वासवाला त्या भोकाकडे टक लावून बघत होता. त्यानं हळूच आपली बोटं त्यात घातली. चार बोटं, बरोबर मावली. "अजून चार लावा ना," तो म्हणाला.

आणखी चार लावल्या. आणखी भोकं पडली. त्यानं एकेकात बोटं घालून बघितली. चार, चार, चार...

"सगळी भोकं सारखीच आहेत का?" तिनं श्वास रोखून विचारलं आणि एका भोकात आपली बोटं घातली. "नाही! इथं जागा उरतेय!"

"बोटं तुमची आहेत," तो म्हणाला. "बारीक. मापायला एकच हात घ्यायचा असतो." आणि आपला हात तिच्या हाताशेजारी ठेवला. भोक सारखंच होतं. हात मात्र दोघांपैकी कुणीच लगेच उचलला नाही.

मामा खोकले.

ती ताडकन उठली. एक पाऊल मागं गेली, मग दोन, मग थेट खिडकीच्या कट्ट्यावर चढली आणि वरून बघितलं. वेली एकमेकींत शिरल्या होत्या. निळीतून पिवळीत, पिवळीतून निळीत, कुठंही तुटली नव्हती. आणि सगळी फरशी मिळून एकाच बाजूला फिरत होती, अगदी शांतपणे, आणि मधली चौकोनी भोकं एका मापाची, आखून दिल्यासारखी.

"मामा," ती म्हणाली, "मागच्या अंगणात त्या विटकरी रंगाच्या साध्या फरश्या पडल्यात ना? एकीचे नऊ तुकडे केले तर?"

मामांनी दाढी खाजवली. "अशी फरशी मी जन्मात घातली नाही," ते म्हणाले. तक्रार करत होते की कबूल, ते कळलं नाही. पण लगेच उठले आणि तुकडे करायचं यंत्र आणायला गेले.

"आता आरसा नको," वासवाला पुटपुटला. "थोडं सरकायचं, बस."

मग काम सुरू झालं, आणि तिच्या काळज्यांना नवं खाद्य मिळालं. भिंतीच्या कडेला फरश्या कापून बसवाव्या लागतील, त्या फुटल्या तर? छोट्या तुकड्यांची पातळी वर-खाली झाली तर? आणि सगळं झालं तरी हे चित्र बाबांचं नव्हतं. बाबांना आरशासारखी जोडी आवडायची. डावी-उजवी, समोरासमोर, जिथल्या तिथं. पट्ट्या निघाल्यावर त्यांना हे असं सगळंच्या सगळं एकीकडे कललेलं दिसलं, तर ते काय म्हणतील? काकांना तर बोलायचीही गरज पडणार नाही.

रोज संध्याकाळी बाबा विचारायचे, "वेली जुळतायत ना?" आता ती खरं उत्तर देऊ शकत होती, "जुळतायत, बाबा." अर्धं खरं. उरलेलं अर्धं तिच्या छातीवर दगडासारखं बसायचं.

वासवाला रोज यायचा. कधी दुपारी, कधी प्रयोगशाळा सुटल्यावर. छोटे चौकोन फडक्यानं पुसून तिच्या हातात द्यायचा, आणि तिला संशय येऊ लागला होता की तो ते मुद्दाम एकेक करून देतो. एकदा त्यानं खिशातून दोन चिमुकल्या बाटल्या काढल्या.

"डोळे मिटा."

"कशाला?"

"अहो, विष नाही ते. मिटा तर."

तिनं मिटले. डोळे मिटून कुणासमोर बसायचं म्हणजे तिच्यासाठी केवढी मोठी गोष्ट होती, हे त्याला काय माहीत! नाकाजवळ कागदाची पट्टी आली.

"पुदिना," ती म्हणाली.

"आणि ही?"

"ही... मसाल्याच्या डब्यासारखी. शहाजिरं!"

"दोन्ही एकच आहेत. तेच अणू, तेवढेच, तसेच जोडलेले. नुसती एक डावी, एक उजवी."

तिनं डोळे उघडले. तो अगदी जवळ होता, तिच्या लक्षात आलं नव्हतं एवढा जवळ. "पण मग... चुकून दुसरीच बनली तर?"

"तर ती चूक नसते. वेगळा वास असतो." मग जरा थांबून, पट्टीशी चाळा करत तो म्हणाला, "तुम्ही एवढी काळजी करता ना, मला आधी वाटायचं तुम्हाला सांगावं, करू नका. पण आता नाही वाटत. तुम्ही ज्याची काळजी करता ते... नशीबवान असतं."

तिला उत्तर सुचलं नाही. घरी गेल्यावर सतरा उत्तरं सुचली.

आणि मग तो यायचा बंद झाला.

पहिल्या दिवशी तिनं स्वतःला समजावलं, काम असेल. दुसऱ्या दिवशी समजावणं जड जाऊ लागलं. त्यानंतर मात्र धाकधुकीनं पुरता ताबा घेतला. साधी गोष्ट आहे, ती मनाशी म्हणाली, त्याला कोडं आवडलं होतं. कोडं सुटलं. सुटलेलं कोडं कुणी परत बघायला येतं का? आपणच वेडे, जो माणूस फरशी बघत होता तो आपल्याला बघतोय असं समजलो! समोरच्या इमारतीत जाऊन विचारायचं म्हटलं तर काय विचारणार? 'तुमच्याकडचा तो नाकानं हसणारा माणूस कुठंय?' तिनं दोनदा रस्ता ओलांडला आणि दोनदा परत आली.

दालन पुरं व्हायला आलं. बाबांच्या पट्ट्या निघाल्या. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, आणि बाबा म्हणाले, "उद्या जाऊ. तुझ्या काकालाही बोलावलंय."

त्या दिवशी ती शेवटचे चौकोन बसवत असताना दारातून एक घोगरा आवाज आला. "आत येऊ का?"

लाल नाक, गळ्याला मफलर, डोळ्यांतून पाणी.

"तुम्ही!" ती उठली, आणि सतरा उत्तरांऐवजी तिच्या तोंडून निघालं ते, "कुठं मेला होतात इतके दिवस?"

"सर्दी," तो दीनवाणेपणानं म्हणाला. "आमच्याकडे सर्दी झालेल्याला आत घेत नाहीत. नाक बंद म्हणजे माझी नोकरीच बंद. घरी पडून होतो. तुम्हाला कळवावं म्हटलं, पण कसं कळवणार? तुमचा नंबर घ्यायचं धाडस माझ्याकडून झालं नव्हतं."

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही. मला खूप काही वाटत असतं."

तो मफलरशी झटापट करत म्हणाला, "खरं सांगू? पडल्यापडल्या मलाही एक काळजी लागली होती. फरशी पुरी झाली की मग... मी कुठल्या निमित्तानं... म्हणजे मला असं म्हणायचंय की..." आणि नेमकं तेव्हाच त्याला अशी शिंक आली, तिच्यामागून दुसरी, तिच्यामागून तिसरी, की मामा लादी पुसता पुसता ओरडले, "अहो, बाहेर शिंका! सिमेंट ओलं आहे!" तो तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाला. वाक्य अर्धंच राहिलं. ती रात्रभर ते निरनिराळ्या तऱ्हांनी पुरं करत बसली, आणि प्रत्येक तऱ्हेत काहीतरी वाईट निघत होतं.

सकाळी बाबा आले. एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला ती. दारात आल्याआल्या काका थबकले आणि म्हणाले, "हे काय? सगळं तिरकंच घातलंय! दादा, बघतोयस ना?"

बाबांनी काळा चष्मा काढला. डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं. मग गुडघ्यांवर बसले, दाराजवळच्या एका वेलीवर बोट ठेवलं आणि गिरवायला लागले. निळीतून पिवळीत. पिवळीतून निळीत. मध्येच वेल दोघींकडे फुटली की ते एक फाटा धरायचे, पुढं जायचे, रांगत रांगत. कोपऱ्यात मामा उभे होते, त्यांनी श्वास धरला होता. दालनात बाबांच्या बोटाचा फरशीवरून सरकण्याचा आवाज तेवढा येत होता.

ते बरंच पुढं जाऊन थांबले. "ही फरशी मी काढलेली नाही," ते म्हणाले.

काकांनी तिच्याकडे बघितलं. तिला वाटलं आता बोलायला तोंडच उघडणार नाही. पण उघडलं.

"बाबा, चूक माझी झाली. दुसऱ्या साच्याला कागद परत उलटायचा राहिला. दोन्ही साचे एकाच हाताचे झाले. फरश्या सगळ्या तयार झाल्यावर कळलं. मी तुम्हाला रोज 'जुळतायत' म्हणत होते ते खरं होतं, पण हे सांगितलं नव्हतं. तुम्हाला गोदाम द्यायचं असेल तर द्या. पण ही फरशी वाईट नाही, बाबा. ही... ही चांगली आहे."

आयुष्यात पहिल्यांदाच ती कशाबद्दल तरी 'चांगलं आहे' असं खात्रीनं म्हणत होती. तिचं तिलाच नवल वाटलं.

बाबांनी एका छोट्या विटकरी चौकोनावर तळवा ठेवला. "तुटलेली जागा शोधत होतो मी," ते म्हणाले. "एकही सापडली नाही. माझ्या चित्रात नजर दोन फरश्यांमध्ये जाऊन थांबायची. हिच्यात थांबतच नाही, पुढं पुढं नेते." मग मान वळवून काकांना म्हणाले, "तुझ्या गोदामाला दुसरी शेड बघ रे. ही रिकामी नाही."

काका काहीतरी म्हणाले, पण ते कुणी ऐकलं नाही. मामांनी रोखलेला श्वास एवढा मोठ्यानं सोडला की तोच सगळ्यांना ऐकू आला. रडू येत होतं आणि हसू येत होतं, आणि दोन्हींतलं आधी कुठलं येऊ द्यावं याची काळजी करायचीही तिला शुद्ध नव्हती.

"पण हे सरकवायचं सुचलं कसं तुला?" बाबांनी विचारलं.

"आम्ही मांडत होतो ना, तेव्हा मी चिडून एक ढकलली, आणि मग आम्ही भोकं मोजली, आणि आम्ही..."

"आम्ही म्हणजे? तू आणि मामा?"

मामा एकदम छताकडे बघायला लागले.

तिनं खिडकीकडे बघितलं. खिडकीबाहेर मफलर दिसत होता. तो आत यायचं धाडस न झाल्यामुळे कट्ट्याबाहेरच उभा होता, लाल नाक काचेला जवळजवळ टेकलेलं, आणि खिडकीचं दुसरं दार उघडंच होतं. एरवी तिनं आधी विचार केला असता. बाबा काय म्हणतील, काका घरी जाऊन काय सांगतील, त्याचं ते अर्धं वाक्य भलतंच काही निघालं तर काय, आणि तो आता पळून गेला तर काय...

"बाबा, समोरच्या प्रयोगशाळेत एक जण आहे," ती म्हणाली. "त्यानं मदत केली. आणि मला तो आवडतो. खूप आवडतो. मी त्याला अजून सांगितलेलं नाही."

"तो ऐकतोय," मामा छताकडे बघत म्हणाले.

"ऐकू दे."

तो आत आला. दारातून नाही, घाईघाईत थेट खिडकीतून. काकांना नमस्कार करायचं विसरला, बाबांना करायचं विसरला, आणि येऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"मला काल हेच म्हणायचं होतं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "शिंक आली. तू... मलाही तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून."

दोघंही तसेच उभे राहिले. पुढं काय करायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं आणि त्या घडीला तिला त्याची काही भीतीही वाटत नव्हती.

"छान झालं," बाबा खालून म्हणाले. ते अजून गुडघ्यांवरच होते. "आता मला कुणीतरी उठवा." आणि दोघंही एकदम धावले.